पलसाण्याचे पाणी कोणाच्या खात्यावर?

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने नवसारी मागे टाकली की थोड्याच वेळात सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्याची हद्द लागते. एका बाजूस उसाचे हिरवेगार मळे आणि दुसऱ्या बाजूस धुराड्यांची रांग, असे या भूमीचे दुहेरी रूप प्रवाशाच्या नजरेस पडते. पलसाणा, कडोदरा, चलथाण, तांतीथैया, जोळवा ही गावांची नावे आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवर गेली असतील. परंतु लग्नसराईत आहेरासाठी म्हणून ज्या साड्या आपल्याकडे डझनांनी घेतल्या जातात, त्यांतील कितीतरी याच पट्ट्यात रंगून आणि छापून आलेल्या असतात. साडीची किंमत दुकानदार सांगतो, आपण ती घासाघीस करून कमीही करून घेतो. ती साडी रंगविताना आणि धुताना जे पाणी नासले, त्याची किंमत मात्र पावतीवर कोठेच लिहिलेली नसते. किंमत लिहिलेली नाही म्हणून ती भरावी लागत नाही, असे थोडेच आहे? ती कोणीतरी भरतोच. तो कोण, आणि त्यानेच ती का भरावी, हा आजचा प्रश्न आहे.

गुजरातेतील एका तालुक्याची उठाठेव मराठी वृत्तपत्राने का करावी, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर इतिहासात आहे. पलसाणा हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील मुलूख. सयाजीराव महाराजांच्या राज्यकारभाराची छाया या गावांवर पडलेली होती. दुसरे उत्तर आजच्या पोटापाण्याचे आहे. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातील माणूस पिढ्यान् पिढ्या सुरतेकडे जात आला आहे. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत मराठी आणि अहिराणी बोलणारी वस्ती मोठी आहे. धुळे-नंदुरबारचे आदिवासी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बारडोली आणि चलथाण परिसरातील उसाच्या फडावर कोयता घेऊन उतरतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने त्यांच्या हालांचे वर्णन काही दशकांपूर्वीच जगापुढे मांडले होते. त्यांच्या पाण्याचा आणि हवेचा प्रश्न हा परमुलखाचा प्रश्न नव्हे. तिसरे उत्तर मात्र आपल्याला खाली मान घालावयास लावणारे आहे. त्याकडे पुढे वळू.

प्रथम पाणी नासते कसे ते पाहू. सुरतेच्या यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड, म्हणजे व्यापारी ज्यास ‘ग्रे’ म्हणतात ते, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत येते. हे कापड बहुतांशी पॉलिएस्टरचे, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचे असते. त्याला रेशमाचा मऊपणा यावा म्हणून ते कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळतात. पॉलिएस्टर साध्या गरम पाण्यात रंग धरत नाही. त्यासाठी दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सियस उष्णता लागते. ही उष्णता वाफेची आणि वाफ दगडी कोळशाच्या बॉयलरची. रंग चढला की न चिकटलेला रंग काढण्यासाठी धुणे, छपाई झाली की पुन्हा धुणे. अशा रीतीने प्रत्येक ताग्यामागे गरम, खारट आणि रंगीत पाणी गटारात उतरते. एका गिरणीचा हिशेब लहान वाटेल, परंतु शेकडो गिरण्यांचा हिशेब दिवसाला कोट्यवधी लिटरांवर जातो.

हे पाणी शुद्ध करण्याची व्यवस्थाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पलसाण्यात कारखानदारांनी एकत्र येऊन सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारले आहे, तसे सचिन आणि पांडेसरा येथेही आहे. जंतूंच्या साहाय्याने पाण्यातील सेंद्रिय घाण अशा केंद्रांत बरीच कमी होते. परंतु पाण्यात विरघळलेले क्षार जंतू खात नाहीत. ते काढावयाचे तर महागड्या गाळण्या आणि पाणी आटविण्याच्या भट्ट्या लागतात. शिवाय जो गाळ उरतो त्याची विल्हेवाट हा आणखी एक खर्च. या दोन खर्चांच्या सांदीत सारा मोह दडलेला आहे. रात्री कोणी पाहत नसताना झडप उघडली, किंवा टँकर भरून लांबच्या खाडीत रिकामा केला, तर खर्च वाचतो. हे सारेच करतात असे नव्हे. परंतु जे करतात त्यांचे कापड बाजारात स्वस्त पडते, आणि प्रामाणिकपणे पाणी शुद्ध करणारा गिरणीमालक दरात मार खातो. प्रदूषणाचा हा सर्वांत कमी बोलला जाणारा बळी होय. नियम पाळणाऱ्याला दंड आणि मोडणाऱ्याला बक्षीस, असा हा उफराटा न्याय आहे.

सांडपाणी शेवटी जाते कोठे? सोनगडच्या डोंगराळ भागात उगम पावून व्यारा, बारडोली, पलसाणा असा प्रवास करीत अरबी समुद्राला मिळणारी मिंढोळा नदी आणि या सखल प्रदेशातील अनेक खाड्या हे या पाण्याचे मार्ग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. तीत गुजरातेतील जे २० पट्टे होते, त्यांत मिंढोळेचे नाव आहे. नदीच्या काठी हळपती मजुरांची घरे आहेत. त्यांच्यापाशी जमीन नाही, ऊस नाही आणि गिरणीही नाही, आहे ती विहीर किंवा हातपंप. मुखाशी मच्छीमार आहेत. साडीच्या पावतीवर न लिहिलेली किंमत भरणारी माणसे ती हीच.

पाण्याची उधळण येथे गिरण्यांपासूनच सुरू झाली, असेही नाही. काकरापारचा बंधारा आणि त्यानंतर १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी या भागात बारमाही पाणी आले. पाण्यामागोमाग ऊस आणि उसामागोमाग सहकारी साखर कारखाने आले. उकाईच्या जलाशयाखाली गुजरातेतल्या गावांबरोबर आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी गावेही बुडाली. कालव्याच्या अतिरेकी पाण्याने लाभक्षेत्रातील काही जमिनी चिबड आणि खारवट झाल्या. म्हणजे डोंगरातील माणसाने जमीन गमावली, मैदानातील बागायतदाराला पाणी मिळाले आणि डोंगरातील माणूस त्याच पाण्यावर पिकलेला ऊस तोडण्यास मजूर म्हणून आला. ज्याच्या हाती सत्ता किंवा पैसा नाही त्याच्या खात्यावर खर्च टाकावयाचा, ही रीत येथे रंगाच्या गिरण्यांहून जुनी आहे.

आता त्या तिसऱ्या उत्तराकडे वळू. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे पलसाण्याच्या शेजारच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक द्रव्य चोरून नाल्यात सोडले जात होते. त्यातून उठलेल्या विषारी वायूने जवळच्या कापड गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले आणि वीसहून अधिक रुग्णालयात दाखल झाले. त्या द्रव्याशी त्या गिरणीचा काहीही संबंध नव्हता. कामगारांचा अपराध एवढाच की ते त्या वेळी कामावर होते. पुढे पोलिसांच्या तपासात काय निघाले? ते द्रव्य आमच्या रायगड जिल्ह्यातील तळोजाच्या एका कारखान्यातून आल्याचे पुढे आले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील, आम्ही त्यावर भाष्य करणार नाही. परंतु महाराष्ट्रात निर्माण झालेले विष शेकडो किलोमीटर प्रवास करून गुजरातेतील नाल्यात पोहोचते आणि वाटेतील एकाही नाक्यावर त्याची खरी ओळख कोणी विचारीत नाही, ही गोष्ट दोन्ही राज्यांच्या कारभाराला शोभणारी नाही. आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात टाकून अंगण स्वच्छ ठेवण्याचाच हा प्रकार आहे.

त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द पलसाणा तालुक्यातील एका रंगाई कारखान्यात मैल्याची टाकी साफ करण्यासाठी उतरलेले बिहारचे चार मजूर आत गुदमरून मरण पावले. संरक्षक साधनांवाचून माणसाला अशा टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु कायदा पुस्तकात राहिला आणि माणूस टाकीत उतरला. पर्यावरण म्हणजे वाघ, जंगल आणि हिमनग एवढेच समजणाऱ्यांनी या दहा मृत्यूंचा विचार करावा. जो कारभार नदीला गटार मानतो, तो गटारात उतरणाऱ्या माणसालाही माणूस मानीत नाही. हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत.

हे लिहिताना गुजरातला नावे ठेवून हात झटकण्याचा आमचा हेतू नाही. आपले ठेवावे झाकून आणि दुसऱ्याचे पाहावे वाकून, ही वृत्ती लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखीच सोपी असते. ज्या यादीत गुजरातचे २० पट्टे होते, त्याच यादीत महाराष्ट्राचे ५३ होते, आणि हा आकडा देशात सर्वाधिक होता. २०२२ च्या यादीत तर तो ५५ झाला. २०१८ साली औद्योगिक वसाहतींच्या प्रदूषणाचे मोजमाप झाले तेव्हा देशात पहिला क्रमांक लागला तो वापी किंवा अंकलेश्वरचा नव्हे, तर आमच्या पालघर जिल्ह्यातील तारापूरचा. तेव्हा पलसाण्याविषयी जे म्हणावयाचे, ते तारापूर, तळोजा आणि लोटे-परशुरामलाही लागू आहे, हे समजूनच पुढील मजकूर वाचावा.

प्रदूषणाचा विषय निघाला की एक ठरलेला सवाल केला जातो: गिरण्या बंद करून लाखोंच्या पोटावर पाय आणावयाचा काय? सवाल गंभीर आहे आणि तो उडवून लावणे आम्हांस मान्य नाही. अमळनेर किंवा नंदुरबारहून पहाटेच्या गाडीने उधन्याला उतरणाऱ्या तरुणाला नदीच्या शुद्धीपेक्षा महिन्याचा पगार अधिक जवळचा वाटला, तर त्याला कोणी दोष देऊ नये. परंतु या सवालातच एक चलाखी आहे. ‘कारखाना की नदी’ असा पर्याय समोर ठेवला की उत्तर आधीच ठरलेले असते. खरा पर्याय तो नाही. पाणी शुद्ध करण्याचा खर्च कापडाच्या किमतीत धरावयाचा की हळपतीच्या विहिरीवर टाकावयाचा, एवढाच खरा प्रश्न आहे. खर्च तर दोन्हीकडे आहेच. पहिल्या मार्गाने तो साडी घेणारे असंख्य लोक थोडा थोडा वाटून घेतात, तर दुसऱ्या मार्गाने मूठभर गरीब तो आपल्या प्रकृतीने फेडतात. आणि ही शिस्त सर्व गिरण्यांवर एकाच वेळी लागू झाली, तर स्पर्धेत कोणीच मागे पडत नाही.

मग अडले कोठे? कायद्यांची वाण आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच कायदा केला. १९७४ साली केंद्राचा जल कायदा, १९८१ साली हवेचा, भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा आणि २०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा असे कायद्यांमागून कायदे आले. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. वडोदऱ्याच्या पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर २२ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच न्यायालयाने प्रक्रिया यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवू देऊ नये, असा आदेश दिला. अलीकडे तर उलट वारे वाहत आहेत. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातील तुरुंगवासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. बड्या कारखानदाराला असा दंड म्हणजे धंद्याचा आणखी एक खर्च वाटू नये, याची काळजी कोण घेणार?

परंतु तुरुंग असो की दंड, त्याआधी एक पायरी आहे, आणि घोडे तेथेच पेंड खाते. ती पायरी म्हणजे मोजमापाची. गुन्हा घडला हे कळल्यावाचून शिक्षा कोणाला? गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी खाजगी लेखापरीक्षकांकडून करून घेण्याची पद्धत होती. परीक्षक कारखान्याने निवडावयाचा आणि त्याचे शुल्कही कारखान्यानेच द्यावयाचे. एस्तर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाच्या सहकार्याने या पद्धतीचीच परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. परीक्षकांच्या अहवालांप्रमाणे धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते अवघे ७ टक्के. प्रत्यक्षात ते निघाले ५९ टक्के! मग काही कारखान्यांपुरते परीक्षकांची नेमणूक चिठ्ठी काढल्याप्रमाणे मंडळाने केली, शुल्क सामाईक निधीतून दिले आणि त्यांच्या कामाची फेरतपासणी ठेवली. तेव्हा खोटे दाखले सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले आणि कारखान्यांचे प्रदूषणही घटले. माणसे बदलली नव्हती, यंत्रे बदलली नव्हती. बदलले ते एवढेच की ज्याला तपासावयाचे त्याच्या हातून पगार घेणे थांबले.

याहून महत्त्वाचा प्रयोग खुद्द सुरतेत झाला. २०१९ साली सुरत परिसरातील कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांसाठी, ज्यांत कापड गिरण्याच बहुसंख्य होत्या, धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू करण्यात आला. प्रत्येक धुराड्यावर अखंड मोजणारे यंत्र बसले, साऱ्यांनी मिळून किती धूळ सोडावयाची त्याची मर्यादा ठरली, आणि ज्याने कमी सोडली त्याने आपला उरलेला परवाना दुसऱ्याला विकावा अशी मुभा मिळाली. धूलिकणांसाठी जगात असा बाजार यापूर्वी कोठेही नव्हता. त्याचे फळ असे की त्यात सामील झालेल्या कारखान्यांचे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटले, आणि ९९ टक्के वेळा त्यांनी आपली मर्यादा पाळली. धूळ कमी करण्याचा खर्चही वाढण्याऐवजी घटला. सुरतेचा व्यापारी नियम पाळीत नाही हे म्हणणे खोटे आहे. माप खरे असेल आणि ते सर्वांना सारखे असेल, तर तो नियम पाळतो.

तथापि या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मोजली गेली ती हवेतील धूळ, नदीतील पाणी नव्हे. कोळसा जळतच राहिला, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या मापात धरलेला नव्हता. शिवाय परवान्यांची खरेदी-विक्री धुळीच्या बाबतीत चालून जाते, कारण धूळ साऱ्या परिसरात पसरते. पाण्याचे तसे नाही. एका गावाची विहीर खराब करून दुसऱ्या गावाची चांगली ठेवली, तर पहिल्या गावाला त्याचे काय समाधान? म्हणून पाण्यासाठी बाजार नको, मर्यादाच हवी, आणि ती प्रत्येक नळीच्या तोंडाशी मोजलेली हवी.

पलसाण्याला लागूनच बारडोली आहे. तिची आठवण येथे केवळ गौरवासाठी काढावयाची नाही. मुंबई सरकारने बारडोलीचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा १९२८ मध्ये वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जो सत्याग्रह केला, त्याची मागणी काय होती? सारा मुळीच देणार नाही, अशी ती नव्हती. तुम्ही वाढ ज्या आकड्यांवर बसविली ते आकडे खोटे आहेत, एक तर वाढ रद्द करा नाही तर निःपक्ष चौकशी करा, एवढेच शेतकरी म्हणत होते. सरकारला नमावे लागले. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीत आकडे खरोखरच न तपासता घेतलेले निघाले, आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. साम्राज्याशी झालेला तो झगडा मुळात खऱ्या मापासाठी होता. आज त्याच मातीत माप पुन्हा एकदा खोटे होत असेल, तर बारडोलीचा वारसा सांगणाऱ्यांनी निःपक्ष मापाची मागणी पुन्हा केली पाहिजे.

ही मागणी आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली गोष्ट, सांडपाणी तपासणाऱ्याची नेमणूक आणि त्याचे वेतन यांच्याशी कारखान्याचा संबंध नसावा. धुराच्या बाबतीत जे सिद्ध झाले ते पाण्याला लावण्यास आता कोणत्या नव्या पुराव्याची गरज आहे? दुसरी, प्रत्येक प्रक्रिया केंद्राच्या आणि मोठ्या गिरणीच्या पाण्याचे आकडे रोज खालच्या गावांच्या पंचायतीच्या फलकावर गावच्या भाषेत लागावेत. ज्याच्या विहिरीचा प्रश्न आहे त्याला तिची स्थिती कळण्यासाठी संगणकाची आणि इंग्रजीची अट नको. तिसरी, घातक द्रव्य वाहणाऱ्या प्रत्येक टँकरची नोंद निघाल्यापासून पोहोचेपर्यंत दोन्ही राज्यांच्या मंडळांनी एकाच वहीत ठेवावी, आणि ते इच्छित स्थळी पोहोचले नाही तर पाठविणाऱ्यालाही जबाबदार धरावे. चौथी, दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत न मुरता त्याच नदीच्या काठी, त्याच गावांच्या पिण्याच्या पाण्यावर खर्च व्हावी. यांतील एकाही गोष्टीसाठी एकही गिरणी बंद करावी लागत नाही.

आज जगभर पृथ्वीच्या सहनशीलतेच्या मर्यादांची चर्चा चालू आहे. शास्त्रज्ञांनी अशा नऊ मर्यादा सांगितल्या असून त्यांतील सहा मानवाने ओलांडल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. २०२४ हे औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीहून दीड अंशापेक्षा अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. हे आकडे खरे आहेत आणि भीतिदायकही आहेत. परंतु ‘मानवजातीने पृथ्वीचा नाश चालविला आहे’ असे म्हणताना एक अन्याय नकळत घडतो. मानवजात म्हणून सर्वांना एकाच पिंजऱ्यात उभे केले की फडावरचा कोयतेवाला आणि बॉयलरचा मालक, टाकीत उतरलेला मजूर आणि डझनाने साड्या घेणारे आपण, सारेच सारखे दोषी ठरतात. सारेच दोषी म्हटले की कोणीच दोषी राहत नाही. पलसाण्याच्या पाण्याकडे पाहिले म्हणजे हा धुरळा खाली बसतो. तेथे कोणी काय घेतले आणि कोणाला काय फेडावे लागले, हे नाव-गावानिशी दाखविता येते.

आपण त्यात कोठे बसतो? दूर असलो तरी या हिशेबाबाहेर नाही. आहेराच्या साडीत दोन पैसे अधिक मोजावे लागले तर कुरकुर न करण्याची तयारी आपल्यात असली पाहिजे, आणि आपल्या दाराशी असलेल्या नदीचे माप मागण्याचे धैर्यही हवे. तळोजाहून निघालेला टँकर अडविण्याचे काम गुजरातच्या पोलिसांचे होण्याआधी आपले आहे. ते केल्यावरच पलसाण्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.